मुंबईच्या फ्लॅटमध्ये पूर्ण घराचा डिह्युमिडिफायर एसीच्या जोडीने कसा बसवायचा

पावसाळ्यात एसी लावूनही घर दमट राहतं, तेव्हा बहुतेक वेळा एसीत काही बिघाड नसतो. एसी हवेतली ओल काढतो ती कॉइल थंडगार असताना, म्हणजे कॉम्प्रेसर जोरात चालू असतानाच. मे महिन्यात बाहेर ३४ अंश असतात, कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतो आणि गरमीबरोबर ओलही निघते. जुलैत बाहेरच २६-२७ अंश असतात. खोली लगेच गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. इन्व्हर्टर एसी थांबत नाही, पण मंद चालतो आणि मंद चालताना त्याची कॉइल ओल खेचण्याइतकी गार होत नाही. मग रिमोट २० वर जातो. खोली थंड होते, भिंतीही थंड होतात, आणि कपाटामागच्या थंड भिंतीवर बुरशी धरते. साड्यांना कुबट वास, मिठाला पाणी, पुस्तकांवर पांढरी पूड हे सगळं त्यापुढचं.

उपाय सरळ आहे. गारव्याचं काम एसीकडे ठेवायचं आणि ओल काढायला वेगळं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, द्यायचं. ते पूर्ण घरासाठी एकच, फॉल्स सिलिंगमध्ये किंवा लॉफ्टवर बसणारं, डक्टने खोल्यांना जोडलेलं असलं तर सगळ्यात चांगलं. पण हे यंत्र किती महागाचं घेतलं यापेक्षा त्याची हवा कुठून येते, कुठे जाते आणि पाणी कुठून उतरतं यावर काम यशस्वी होतं की फसतं ते ठरतं. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा जोडणीवर जास्त भर आहे.

आधी ओल कुठून येते ते शोधा

पश्चिमेच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी झिरपत असेल तर कोणताही डिह्युमिडिफायर पुरा पडणार नाही. ओळखायला सोपी चाचणी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे; आधी वॉटरप्रूफिंग. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल हवेतली आहे आणि पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

दुसरी गोष्ट आर्द्रतामापक. डिजिटल मीटर स्वस्त मिळतात, पण त्यांची चूक पाच-सात टक्क्यांची सहज असते. मीठ वापरून तो तपासता येतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी घाला (मीठ विरघळून जाता कामा नये), आणि ते झाकण मीटरसह हवाबंद डब्यात बारा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर त्या मीटरच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे. असा तपासलेला मीटर आठवडाभर हॉल, बेडरूम आणि कपाटाच्या आत आळीपाळीने ठेवून आकडे लिहून काढा. हेच आकडे काम झाल्यावर तुलनेला लागतात.

घर किती बंद होतं ते बघा

मुंबईच्या घरात ओल येण्याची मोठी वाट म्हणजे बाहेरची हवा. पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी असतं. आत आपल्याला हवी असते २६ अंश आणि ५५ टक्क्यांची हवा, तिच्यात साधारण साडेतेरा ग्रॅम. म्हणजे बाहेरून आत येणारा प्रत्येक घनमीटर साडेआठ ग्रॅम पाणी घेऊन येतो.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते किचनच्या चिमणीकडे. डक्टने बाहेर फेकणारी चिमणी ताशी १००० घनमीटर हवा ओढत असेल तर तितकीच हवा खिडक्यांच्या फटींतून आत येते, आणि तिच्याबरोबर तासाला साडेआठ लिटर पाणी. इतकं पाणी काढणारं घरगुती यंत्र नाही. चिमणी वापरायची, पण फोडणी आणि तळणापुरती मोठ्या वेगाने, एरवी लहान वेगाने, किचनचं दार लोटून आणि किचनचीच खिडकी थोडी उघडी ठेवून. मग बदली हवा तिथल्या तिथे येते, हॉलमधून ओढली जात नाही.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत दोन पाल्यांच्या मधली ब्रशपट्टी बहुतेक झिजलेली असते. ती मीटरच्या मापाने विकत मिळते, एका दुपारी बदलून होते. खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी ट्रॅक भरून आत येईल. एसीच्या तांब्याच्या नळीचं भिंतीतलं भोक बाहेरून पुट्टीने भरा. विंडो एसीच्या बाजूचं थर्माकोल निघालं असेल तर बदला. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला पंखा थांबल्यावर आपोआप मिटणारी झडप हवी. जुन्या इमारतींत तिथे काचेच्या लूव्हर पट्ट्या असतात, तिथून चोवीस तास हवा येत राहते. अशा बाथरूमचं दार बंद ठेवायची सवय लावणं हाच त्यावर स्वस्त उपाय.

एक गोष्ट जिवाची आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर घर बंदिस्त करायचा विचार तो काढून इलेक्ट्रिक गीझर लावल्यावरच करा. कोंडलेल्या जागेत गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात. पाइप गॅसची शेगडी असलेल्या किचनची कायमची हवेची झडपही बुजवायची नाही. गॅस जळताना पाणीही तयार होतं, एक घनमीटर पाइप गॅसमागे दीड किलोच्या आसपास, पण त्यासाठी झडप बंद करणं हा उपाय नव्हे.

किती लिटरचं यंत्र

७०० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके धरा. ६५ चौरस मीटर, पावणेतीन मीटर उंची, म्हणजे १८० घनमीटर हवा. खिडक्या बंद, पट्ट्या बदललेल्या असल्या तरी तासाला निम्मी हवा बदलते असं धरणं बरं. ९० घनमीटर गुणिले साडेआठ ग्रॅम, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या वर आणि दिवसाला १८ लिटर. चार माणसांच्या श्वासाचे आणि घामाचे ३, आंघोळ-स्वयंपाक-लादी पुसण्याचे २ ते ३, आणि घरात दोरीवर कपडे वाळत घालत असाल तर मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यामागे आणखी २. बेरीज २५ लिटरच्या घरात जाते. थोडी जागा ठेवून दिवसाला ३० लिटरचं यंत्र घ्या.

इथेच खरेदीत फसगत होते. खोक्यावर लिहिलेले लिटर कोणत्या हवेला मोजलेत हे विचारा. बरेच आकडे ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेले असतात. तेच यंत्र २७ अंश आणि ६० टक्क्यांना त्याच्या निम्मं किंवा जेमतेम त्याहून थोडं जास्त पाणी काढतं, आणि आपल्याला ते त्याच हवेत चालवायचं आहे. म्हणून २७ अंश ६० टक्क्यांना ३० लिटर हवे असतील तर खोक्यावर ५० ते ६० दिसायला हवेत. दोन्ही आकडे लिहून न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

दुसरी फसगत अमेरिकेतून मागवलेल्या यंत्रांची. ती ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. ५० हर्ट्‌झवर कॉम्प्रेसर मंद फिरतो, तापतो आणि लवकर जातो, शिवाय वॉरंटी लागू होत नाही. प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ लिहिलेलंच घ्या.

यंत्र कॉम्प्रेसरवालंच हवं. वाळवणाऱ्या रसायनाच्या चाकाची यंत्रं थंड प्रदेशात बरी. आपल्याकडे ती वीज जास्त खातात आणि घरात उष्णताही जास्त सोडतात.

एसीवर किती भार पडेल

डिह्युमिडिफायर बाहेर उष्णता फेकत नाही, सगळी घरातच सोडतो. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करताना सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता सुटते. दिवसाला ३० लिटरचं यंत्र पूर्ण चालताना पाण्याची ०.८५ किलोवॉट आणि स्वतःच्या विजेची साधारण ०.५५ किलोवॉट, मिळून १.४ किलोवॉट उष्णता देतं, म्हणजे ०.४ टन. ऐकायला जास्त वाटतं. पण हेच पाणी एसीने काढलं असतं तर त्यातली ०.८५ त्यालाच वाहावी लागली असती. खरी भर पडते ती अर्ध्या किलोवॉटची. हॉलला दीड टनाचा एसी असेल तर तो हे सहज पेलतो. एक टनाचा एसी आधीच रडतखडत चालत असेल तर आधी त्याची सर्व्हिसिंग करून घ्या.

विजेचा हिशोब असा: दिवसाला १२ ते १४ तास चाललं तर सुमारे ७ युनिट. तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबचा जो दर छापलेला असतो त्याने गुणा, कारण ही भर त्याच स्लॅबमध्ये पडते.

जागा आणि टांगणी

उत्तम जागा म्हणजे बाथरूमच्या वरचा लॉफ्ट किंवा पॅसेजचं फॉल्स सिलिंग. नहाणी ट्रॅप जवळ असतो, सगळ्या खोल्यांना मध्यवर्ती पडते आणि आवाज बेडरूमपासून लांब राहतो. यंत्राच्या उंचीखेरीज वर-खाली मिळून किमान १०० मिलिमीटर मोकळी जागा आणि फिल्टर निघेल त्या बाजूला फिल्टरच्या लांबीइतकी जागा सोडा. खाली ६०० बाय ६०० चं ट्रॅप डोअर करा. सुताराला ते ३०० बाय ३०० करण्याचा मोह होतो; त्यातून हात जातो, यंत्र जात नाही, आणि पहिल्याच दुरुस्तीला सिलिंग फोडावं लागतं.

वजन ३० ते ५० किलो. लॉफ्टवर ठेवत असाल तर खाली रबर पॅड पुरेत. टांगत असाल तर चार एम-८ चे थ्रेडेड रॉड, चार अँकर फास्टनर आणि प्रत्येक रॉडवर रबराचा कंपनरोधक हँगर. हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं, वायर-एमसीबी लोहार चाळीत. ड्रिल करण्याआधी स्लॅबवर हातोडीने हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय किंवा आतल्या सळ्या गंजून काँक्रीट फुगलंय, तिथे अँकर धरणार नाही. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतींत वर काही टांगूच नका. भिंतीलगत जमिनीवर उभं राहणारं यंत्र घ्या.

नव्या टॉवरांत दोन अडचणी. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात. त्यांना ड्रिल लागलं तर इमारतीला इजा आणि ड्रिल करणाऱ्यालाही धोका. सोसायटीच्या कार्यालयातून स्लॅबचं ड्रॉइंग घ्या आणि ड्रिल किती खोल करायला परवानगी आहे ते लेखी घ्या. आणि मायवन (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या) बांधकामात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या, भार वाहणाऱ्या असतात. त्यांत डक्टसाठी आठ इंची भोक पाडायला स्ट्रक्चरल इंजिनिअरची मान्यता लागते. बीममधून तर कधीच नाही; डक्ट बीमखालून वळवा.

हवेची जोडणी

या कामातली निम्मी भांडणं इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

३० लिटरचं यंत्र तासाला सुमारे २५० घनमीटर हवा फिरवतं. त्यासाठी मुख्य डक्ट २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंची गोल. खोल्यांच्या फांद्या १०० ते १२५ मिलिमीटर. टू बीएचकेमध्ये हॉलला १२० आणि दोन बेडरूमना ६५-६५ अशी वाटणी जमते. प्रत्येक फांदीवर हाताने फिरवायचं डँपर (हवा अडवणारी झडप) लावा म्हणजे नंतर कमी-जास्त करता येतं. हवा खेचायची जाळी पॅसेजमध्ये, वरच्या बाजूला. बाथरूममधून किंवा किचनमधून खेचू नका: वाफ, तेल आणि वास सगळ्या घरात फिरतील आणि कॉइलवर चिकट थर बसेल.

बेडरूमचं दार बंद असताना आत गेलेली हवा परत पॅसेजला यायला वाट लागते. दाराखाली २० मिलिमीटरची फट ६५ घनमीटरला पुरते. मार्बलचा उंबरा असेल तर फट आहे असं वाटतं, पण दार उंबऱ्याला घासत असतं, मोजून बघा. फट ठेवायची नसेल तर दाराच्या वर भिंतीत लूव्हरची जाळी.

आता एसीशी नातं. घरात डक्टेबल एसी (एकाच यंत्रातून डक्टने खोल्यांना हवा देणारा) असेल तर डिह्युमिडिफायरची बाहेर पडणारी हवा एसीच्या सप्लाय डक्टमध्ये, कॉइलच्या पुढे जोडा. रिटर्नमध्ये, म्हणजे कॉइलच्या आधी, जोडायची चूक सर्रास होते, कारण तिथे डक्ट मोठी आणि हात पोचायला सोपी असते. तसं केलं की सुकी गरम हवा एसीच्या ओल्या कॉइलवरून जाते, तिथलं पाणी पुन्हा उचलते, आणि दोन्ही यंत्रं एकमेकांचं काम उलटं करत बसतात. बिल दोन यंत्रांचं, आर्द्रता जशीच्या तशी. जोड कॉइलपासून जमेल तितका पुढे घ्या, म्हणजे एसी बंद असताना सुकी हवा मागे वळून कॉइलवर जाणार नाही. डिह्युमिडिफायरच्या बाजूला एकमार्गी डँपर हवाच, नाहीतर एसीचा ब्लोअर गार हवा यंत्रात उलटी ढकलेल आणि त्याच्या अंगावर घाम सुटेल. या जोडणीचा एक फायदा म्हणजे १३ अंशांच्या गार, ओलसर हवेत गरम सुकी हवा मिसळल्याने एसीची डक्ट आतून कोरडी राहते, तिच्यात बुरशी धरत नाही.

मुंबईत बहुतेक घरांत डक्टेबल एसी नसतो, स्प्लिट असतात. तेव्हा डिह्युमिडिफायरला स्वतःच्याच डक्ट. यंत्रातून निघणारी हवा खोलीपेक्षा १२ ते १६ अंश गरम असते, हे ग्रिलची जागा ठरवताना ध्यानात असू द्या. ती पलंगावर सोडली तर त्या रात्रीच यंत्र बंद होईल. ग्रिल अशी बसवा की हवा सिलिंगलगत आडवी जाऊन पंख्याच्या झोतात मिसळेल. स्प्लिटच्या तोंडासमोरही नको आणि त्याच्या वरच्या, हवा खेचणाऱ्या बाजूलाही नको. तिथे सेन्सर असतो, त्याला खोली गरम वाटते आणि कॉम्प्रेसर विनाकारण पळत राहतो.

फ्लेक्सिबल डक्ट इन्सुलेटेड घ्या, ताणून बसवा. झोळ आणि चुण्या राहिल्या की हवा अडते. एकूण लांबी एका बाजूला सात-आठ मीटरच्या आत, वळणं गोलाईची. सांध्यांवर क्लँप आणि वरून ॲल्युमिनियमची टेप. नुसती टेप दोन पावसाळ्यांत सुटते.

पाण्याची वाट

इथे हयगय झाली की खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध बिघडतात. २५ मिलिमीटरचा यूपीव्हीसी पाइप, मीटरमागे किमान १० मिलिमीटर ढाळ, जागा असेल तर २०. स्पिरिट लेव्हलने प्रत्येक मीटरवर तपासा, कारण फॉल्स सिलिंग बंद झाल्यावर पाइप मध्ये झोळला आहे हे दिसत नाही. पाणी नहाणी ट्रॅपवर सोडा, पण पाइपचं तोंड जाळीच्या वर दोन बोटं मोकळं ठेवा. थेट सांडपाण्याच्या नळात खोचलात तर गटाराची हवा आणि झुरळं यंत्रात येतील. छज्जावर किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर पाणी सोडू नका. पाइपवर ९ मिलिमीटरची नायट्राइल रबराची नळी चढवा. आतलं पाणी गार असतं, उघडा पाइप घामेजतो आणि सिलिंगवर पिवळा डाग पडतो.

बऱ्याच यंत्रांत पंखा कॉइलच्या पुढे असतो, म्हणून पाण्याच्या तोंडाशी हवा आत ओढली जाते आणि पाणी बाहेर पडायचं सोडून तबकात साचतं. त्यावर पी-ट्रॅप (पाणी अडून राहील आणि हवा रोखेल असा पाइपचा बाक) लागतो, ५० ते ७५ मिलिमीटर खोलीचा, यंत्राच्या अगदी जवळ, आणि त्याच्या पुढे साफ करायला झाकण असलेला टी. काही यंत्रांना ट्रॅप आतच दिलेला असतो. तिथे दुसरा लावला की दोन ट्रॅपच्या मध्ये हवा अडकते आणि पाणी तुंबतं. बसवण्याआधी माहितीपुस्तिकेत आकृती बघा. ढाळ मिळतच नसेल तर कंडेन्सेट पंप, पण त्याला आवाज असतो आणि तो बंद पडतो. ढाळ मिळवायला जागा दोन फूट सरकवावी लागली तरी सरकवा.

यंत्राखाली जीआयचं (जस्त चढवलेल्या पत्र्याचं) दुसरं तबक हवंच, कडा ४० मिलिमीटर उंच, आणि त्यात फ्लोट स्विच. तबकात पाणी चढलं की स्विचने यंत्राची वीज तुटली पाहिजे. हा स्विच स्वस्त मिळतो, आणि तो नको म्हणणाऱ्या मिस्त्रीला काम देऊ नका. निघालेलं पाणी झाडांना, लादी पुसायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका: ते डिस्टिल्ड नसतं, त्यात धूळ आणि धातू उतरलेले असतात.

वीज आणि नियंत्रण

डीबीमधून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीतून) वेगळी लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अर्थिंगसह. १० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचं गळतीसंरक्षण. पाणी आणि वीज एकाच खोक्यात आहेत. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. यंत्र आडवं वाहून आणलं असेल तर उभं करून एक दिवस थांबा, मग चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरतं.

ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता बघून यंत्र चालू-बंद करणारं बटण) पॅसेजमध्ये, जमिनीपासून दीड मीटरवर, ग्रिलच्या झोतात किंवा बाथरूमच्या दाराशेजारी नाही. ५५ टक्क्यांवर ठेवा. ६० च्या वर गेलं की धूळकिडे आणि बुरशीला वाव मिळतो. ४५ च्या खाली नेलं तर वीज वाया जाते आणि सागवानी फर्निचर, पेटी-तंबोरा यांच्या लाकडाला भेगा पडू शकतात. एसी २६ वर, त्याचा पंखा ऑटोवर. ऑटो नसेल आणि पंखा सतत चालत असेल तर वर सांगितलेली कॉइलवरच्या पाण्याची गोष्ट पुन्हा सुरू होते. नव्या स्टार-लेबल एसींचं तापमान चालू करताच २४ असतं, कारण बीईईने (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने) १ जानेवारी २०२० पासून तसं बंधनकारक केलं. डिह्युमिडिफायर असल्यावर २६ पुरतात, कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. ड्राय मोडची मग गरज राहत नाही.

हॉट अँड कोल्ड एसी असेल तर हीट मोड लॉक करा. हवा तापवल्याने मीटरवरचा टक्का घसरतो, पाणी मात्र तेवढंच राहतं आणि खोली थंड झाली की परत भिंतीवर बसतं.

चालू करून बघणं

सिलिंग बंद करण्याआधी हे सगळं करा. तबकात लिटरभर पाणी ओता आणि नहाणीवर किती वेळात पूर्ण येतं ते बघा. मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त लागलं तर ढाळ किंवा ट्रॅप चुकलाय. फ्लोट बोटाने उचला, यंत्र थांबलं पाहिजे. मग अर्धा तास चालवून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक १० च्या खाली असेल तर कॉम्प्रेसर नीट चालत नाहीये. २० च्या वर असेल तर हवा अडते आहे, डक्टमध्ये चुणी किंवा बंद डँपर शोधा. शेवटी पाइपखाली बादली ठेवून तासाभराचं पाणी मोजा. घर ८० टक्क्यांवर असताना ३० लिटरच्या यंत्राने तासाला दीड लिटरच्या पुढे द्यायला हवं.

पहिल्या आठवड्यात आकडा पटकन उतरला नाही तर घाबरू नका. गाद्या, पुस्तकं, प्लायवूड, प्लास्टर यांनी महिनोन्‌महिने ओल साठवलेली असते, ती आधी बाहेर येते. कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे ते लवकर आटोपतं. नवं प्लास्टर किंवा लादी झालेल्या घरात दोन-तीन आठवडेही लागतात.

काय बिघडतं आणि का

कॉइलवर बर्फ दिसला तर दहात नऊ वेळा फिल्टर तुंबलेला असतो. तो धुऊनही बर्फ येत असेल आणि एसी १८ वर असेल तर आधी एसीचं तापमान वाढवा. यंत्र दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर ह्युमिडिस्टॅट झोतात आहे. आर्द्रता ६५ वर अडकून राहिली, आणि यंत्र मात्र अखंड पाणी देत असेल, तर हवा बाहेरून येते आहे: चिमणी, बाथरूमचा पंखा, ड्राय बाल्कनीचं दार, या क्रमाने तपासा. वास येत असेल तर पी-ट्रॅपमध्ये शेवाळ आहे. टी उघडून ब्रशने साफ करा आणि भरपूर पाणी सोडा. यंत्राची गुणगुण बेडरूममध्ये ऐकू येत असेल तर कुठला तरी रॉड हँगरच्या रबराला वळसा घालून थेट पत्र्याला टेकलेला असतो.

मान्सून मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो. मेच्या शेवटच्या आठवड्यात फिल्टर धुवा, कॉइलवर मऊ ब्रश फिरवा आणि ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी घाला, कारण उन्हाळाभर तो सुकलेला असतो आणि सुका ट्रॅप म्हणजे ट्रॅप नसल्यासारखाच. पावसाळ्यात फिल्टर दर महिन्याला. ऑक्टोबरात यंत्र लगेच बंद करू नका. ऑक्टोबर हीटमध्येही रात्री आर्द्रता चढतेच. डिसेंबरात मीटर आपणहून ५५ च्या खाली राहू लागला की लाइनचा एमसीबी उतरवा.

भाड्याच्या घरात डक्ट, ड्रिल यातलं काही शक्य नसेल तर २० ते ३० लिटरचं चाकांवरचं यंत्र पॅसेजमध्ये ठेवा, बादलीऐवजी त्याची नळी नहाणीत सोडा, बेडरूमची दारं उघडी ठेवा आणि खिडक्यांच्या ब्रशपट्ट्या बदला. हॉलमध्ये फरक पडेल, बंद बेडरूममध्ये कमी. बादलीवर विसंबू नका: ती भरली की यंत्र थांबतं, आणि मुसळधार पावसाच्या रात्री ती भरायला पाच-सहा तासही लागत नाहीत.